अकरा गाठी

आमच्याकडे कुणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवी म्हणतात. "पिशवीला गाठ आलीय" आणि लगेच पुढचं वाक्य "काढून टाका म्हणालेत". माझ्या सख्ख्या मावशीची पस्तिसाव्या वर्षी काढली, का काढली ते तिला अजून धड सांगता येत नाही, रिपोर्टची फाईल पण नाही.

मी सोलापुरात एका नर्सिंग होममध्ये ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरची नर्स आहे, चौदा वर्षं झाली. ही केस गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसातली. होम झाला, दारूकाम झालं, त्याच्यानंतर तिसरा दिवस. बाई पूर्व भागातली, घरात तेलुगू, ३२ वर्षांची, विड्या वळते, नवरा पॉवरलूमवर, लग्नाला नऊ वर्षं आणि मूल नाही. पाळीत इतकं अंगावरून जायचं की पहिल्यांदा आली तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ होतं. पोट पाच महिन्यांचं दिसायचं, गल्लीतल्या बायका कितवा म्हणून विचारायच्या, हे सांगताना ती हसली, मला काय हसू आलं नाही.

आधी दुसरीकडे तिला पिशवीच काढायला सांगितलेलं. आमच्या मॅडम म्हणल्या फक्त गाठी काढू, मायोमेक्टॉमी. दोन महिने पाळी थांबवायचं इंजेक्शन आणि शिरेतून आयर्न देऊन हिमोग्लोबिन १०.४ वर आणलं. आता त्या इंजेक्शनचं पण एक आहे, रक्त वाचतं पण कधीकधी गाठीभोवतीचा पदर चिकटून बसतो आणि गाठ सोडवायला त्रास होतो. फुकट काही मिळत नाही.

संमतीच्या कागदावर एक ओळ असते, रक्तस्राव थांबला नाही तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल. ती ओळ तिनं मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली "सिस्टर, मॅडमला सांगा की ओ, लवकर घाबरू नका म्हणून." सही केली. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं, पण सही एकदम वळणदार.

पोट उघडलं, पिशवी बाहेर घेतली तर बटाट्याच्या पोत्यासारखी, जिकडे बघावं तिकडे उंचवटे. मॅडमनी खाली पिशवीच्या मानेभोवती रबरी कॅथेटर आवळून बांधला, रक्त कमी यावं म्हणून. ही टर्निके, बांधली की वेळ पाटीवर लिहायची, हे माझं काम नाही पण मी लक्ष ठेवते. मग व्हॅसोप्रेसिन, रक्तवाहिन्या आकसवणारं औषध, १०० मिली सलाईनमध्ये २० युनिट. टोचायच्या आधी भूलवाल्या सरांना मोठ्यानं सांगायचं, कारण शिरेत गेलं तर बीपी-पल्सचा खेळ होतो. टोचल्यावर लालबुंद पिशवी बघता बघता पांढरी पडली. मी शंभर वेळा बघितलंय, तरी बघतेच.

चीर दिली, गाठीत मायोमा स्क्रू फिरवला, बाटलीच्या बुचासारखा, आणि ओढून धरायचं काम माझ्याकडे आलं कारण असिस्टंट डॉक्टरचे दोन्ही हात अडकलेले. मॅडम बोटानं पदर सोडवत होत्या आणि बोलत होत्या. त्यांना टेन्शन आलं की त्या जुन्या गोष्टी सांगतात. त्या दिवशी व्हिक्टर बॉनी निघाला, इंग्रज सर्जन, शंभर वर्षांपूर्वी पिशवी वाचवून गाठी काढण्यासाठी भांडला, त्याच्या नावाचा क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवायचा चिमटा आहे. त्याच्या स्वतःच्या बायकोची पिशवी गाठींपायी गेली होती म्हणे, मूल झालं नाही.

आणि तेवढ्यात मोठी गाठ सुटली आणि तिच्या तळातून रक्त आलं. डाव्या बाजूला, मुख्य रक्तवाहिनीच्या जवळ. सक्शनचा आवाज बदलला, सगळ्यांना कळलं. एक पिशवी रक्त चालूच होती, सरांनी दुसरी लावली. पिशवी काढायचे जाड क्लॅम्प आम्ही वेगळ्या पॅकमध्ये ठेवतो. मॅडमनी वर न बघता विचारलं, "पॅक कुठाय?" मी म्हणलं शेल्फवर आहे, उघडायला सांगू? त्या काहीच बोलल्या नाहीत. मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडी घडी, दाबून धरला. माझं लक्ष घड्याळाकडे, चार मिनिटं. मग म्हणाल्या, "व्हिक्रिल एक नंबर दे." त्या दोऱ्यानं टाक्यांचा खोल एक थर, त्याच्यावर दुसरा, पोकळी राहू द्यायची नाही, राहिली की तिथंच रक्त साठतं. तिसऱ्या थराला मैदान कोरडं झालं.

बाकीच्या गाठी पटापट. खालून निळा डाय ढकलून बघितला, आतलं अस्तर एका ठिकाणी उघडलेलं, ते शिवलं. म्हणजे दिवस राहिले तर सिझेरियनच, कळा द्यायच्या नाहीत. मॉप मोजले, बरोबर भरले. पॅक तसाच कपाटात.

मोठी गाठ बाळांच्या वजनकाट्यावर ठेवली, ८४० ग्रॅम. कापलेली गाठ कुणी बघितली नसेल तर सांगते, आत पांढरी आणि गोल गोल धागे गुंडाळलेले, थेट सुताची गुंडी.

नातेवाइकांना दाखवायचा नियम आहे, मग फॉर्मेलिनमध्ये घालून तपासणीला. ट्रे घेऊन बाहेर गेले. नवरा एकदा बघून भिंतीला टेकला. सासू मात्र पुढं आली, तिनं आयुष्यभर हजारच्या हिशोबात विड्या मोजल्यात. बोट दाखवत मोजायला लागली, ओकटी, रेंडु, मूडु... एक वाटाण्याएवढी कोपऱ्यात होती, ती पण सोडली नाही. पदकोंडु, अकरा. परत पहिल्यापासून मोजलं.

मग ट्रेकडे बोट करून मला मराठीत विचारलं, "यात पिशवी नाही ना?"

"नाही आजी, आत आहे."

"बरं," म्हणाली, आणि चहा आणायला मुलाला खाली पाठवलं.