सिडनी ते ट्वेल्व्ह अपोस्टल्स : आम्ही दोघंच

हे रिटायर झाले तेव्हापासून घरात ऑस्ट्रेलिया ऑस्ट्रेलिया चाललं होतं, पण कधी कुणाचं लग्न, कधी माझा गुडघा, असं करत चार वर्षं गेली आणि शेवटी यंदा मार्चमध्ये निघालोच. मुलाचं म्हणणं होतं टूरबरोबर जा, जेवणखाण सगळं आयतं मिळतं. मी नको म्हटलं. टूरबरोबर केरळ केलंय आम्ही एकदा, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवा आणि दहा मिनिटात फोटो काढून बसमध्ये या, ते मला परत नको होतं. आणि यांचं कसं आहे, पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढलीयत, त्यामुळं कुठलंही बांधकाम दिसलं की जवळ जाऊन हात लावून बघणार, जोड कुठं दिलाय, पाणी कुठून काढलंय, तिथं अर्धा तास जाणारच. मला ते आवडतं, मी शेजारी बसून राहते. म्हणून सोळा दिवस घेतले आणि फक्त सिडनी, मेलबर्न आणि तिथला किनारा एवढंच ठरवलं. केर्न्सचं ग्रेट बॅरिअर रीफ राहिलं याची हळहळ आहे, पण पळापळ केली असती तर एकही जागा नीट बघून झाली नसती.

एअरपोर्टवर खाण्याचं जे काय असेल ते सगळं फॉर्मवर लिहायचं, लपवायचं नाही. आम्ही चिवडा, चकली, मेतकूट सगळं लिहिलं, त्या बाईंनी पिशवी उघडून बघितली आणि जा म्हणाल्या. तुपाचे लाडू मी नेलेच नव्हते, दुधातुपाच्या वस्तूंना तिकडे फार कडक नियम आहेत.

तर सिडनी. ऑपेरा हाऊस इतक्या वेळा फोटोत बघितलेलं असतं की प्रत्यक्ष बघून वेगळं काय वाटणार असं मला वाटत होतं. लांबून ते पांढरंशुभ्र दिसतं, पण पायऱ्या चढून अगदी जवळ गेलो तर ते पांढरं नाहीच! तळहाताएवढ्या टाइल्स आहेत, काही चकचकीत पांढऱ्या आणि काही जरा सायीच्या रंगाच्या, खरबरीत दिसणाऱ्या, आणि त्यांची नक्षी अशी बसवलीय की ऊन सरकलं की एकेक पट्टा उजळतो. दहा लाखांच्या वर टाइल्स आहेत आणि त्या स्वीडनहून आणलेल्या. यांनी नेहमीसारखा तळवा टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला यांनी एक संत्रं घेतलं आणि सुरीनं सालीला चिरा देऊन फोडी काढल्या, मला म्हणाले बघ, ऑपेरा हाऊसच्या छपराची ही सगळी शिंपलं एकाच गोलाचे तुकडे आहेत. यॉर्न उत्झोन हा डॅनिश आर्किटेक्ट, १९५७ मध्ये त्याचं डिझाइन स्पर्धेत निवडलं गेलं, पण ते आकार बांधायचे कसे हेच कुणाला कळत नव्हतं, प्रत्येक शिंपल्याचा बाक वेगळा म्हणजे प्रत्येकाचा साचा वेगळा. मग १९६१ च्या सुमाराला हा मार्ग सापडला की सगळे तुकडे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचे, म्हणजे बाक सगळीकडे सारखा आणि काँक्रीटच्या फासळ्या जमिनीवर ओतून वर चढवता येतात. तो संत्र्याच्या सालीचा तुकडा टेबलावर उभा करून दाखवला तेव्हा मला पहिल्यांदा ती इमारत कळली असं म्हणायला हरकत नाही.

पण खरी गोष्ट पुढची आहे. चार वर्षांत आणि ७० लाख डॉलरमध्ये होईल असा अंदाज होता, लागली १४ वर्षं आणि खर्च गेला १० कोटी २० लाखांवर, त्यातला बराचसा लॉटरीची तिकिटं विकून उभा केला. मधे सरकार बदललं, पैशांवरून आणि कामावरून वाद झाले आणि १९६६ मध्ये उत्झोन राजीनामा देऊन देश सोडून गेला. १९७३ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा तो नव्हता. २००८ मध्ये वारला, तोपर्यंत परत कधीच ऑस्ट्रेलियात आला नाही. म्हणजे आपण बांधलेली ती वास्तू पूर्ण झालेली त्यानं डोळ्यांनी बघितलीच नाही.

हे ऐकल्यावर हे गप्पच झाले. मला माहीत होतं कशामुळं. एका कालव्याचं काम अर्ध्यावर असताना यांची बदली विदर्भात झाली होती, सात वर्षं त्या कामावर घातली होती, त्या काळात घरी जेवायला रात्री दहाला यायचे. पाणी सोडलं त्या दिवशी आम्ही तिकडे लांब होतो. गावातल्या एकानं पोस्टकार्ड पाठवलं होतं, साहेब पाणी आलं, एवढंच. ते कार्ड अजून आमच्या कपाटात आहे. त्या संध्याकाळी आम्ही पायऱ्यांवर बसून राहिलो, दिवे लागेपर्यंत. समोर हार्बर ब्रिज. १९३२ चा पूल, त्याला तिथले लोक कोटहँगर म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही टोकांना जे दगडी मनोरे आहेत ते कमानीचं वजन अजिबात पेलत नाहीत, नुसते शोभेचे आहेत, हेही मला त्याच संध्याकाळी कळलं.

सिडनीत तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर सर्क्युलर की नावाच्या धक्क्यावरून मॅनलीची फेरी पकडा. सार्वजनिक बोट आहे, कार्ड टॅप केलं की झालं, वेगळं क्रूझचं तिकीट काढायची काही गरज नाही. अर्ध्या तासाचा प्रवास, आधी ऑपेरा हाऊस मागं पडतं, मग खाडीचं तोंड येतं, तिथं महासागराच्या लाटा थेट आत येतात आणि एवढी मोठी बोट पण चांगली डोलायला लागते. मॅनलीला उतरलं की दहा मिनिटं चालत सरळ गेलं की पलीकडे मोकळा महासागर. आम्ही दोनदा गेलो, दुसऱ्यांदा नुसतं परतीचं सूर्यास्ताचं बघायला.

ब्लू माउंटन्सला ट्रेननं गेलो, दोन तास, पण त्या दिवशी ढग आले आणि थ्री सिस्टर्स, म्हणजे तिथले ते तीन सुळके, जेमतेम पाच मिनिटं दिसले. निलगिरीच्या झाडांच्या तेलाचे कण हवेत असतात म्हणून ते डोंगर निळे दिसतात म्हणे, आम्हाला राखाडी दिसले. वास मात्र छान होता.

बॉन्डायहून ब्राँटेपर्यंत कड्याकडेनं चालत जायची वाट आहे, ती माझ्या गुडघ्यालाही झेपली, मधे मधे बाकं आहेत. ब्राँटेला समुद्रातच खडकाला लागून पोहण्याचा तलाव बांधलाय, भरतीची लाट कठड्यावरून आत येते, पाणी समुद्राचंच, आणि पैसे काही नाहीत. सकाळी साडेसातला तिथं सत्तरीच्या पुढच्या बायका शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत होत्या. एकीनं मला हात केला, ये म्हणून. मी कठड्याला धरून कमरेपर्यंत उतरले. पाणी गार होतं पण पाच मिनिटात अंगाला बरं वाटायला लागलं. आयुष्यात समुद्राच्या पाण्यात घोट्यापुढं गेले नव्हते मी. आणि बीचवर लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं, तिथं लाइफसेव्हरचं लक्ष असतं, झेंड्यांच्या बाहेर खोल समुद्रात ओढून नेणारा प्रवाह असू शकतो. आपल्याकडे कोकणात दर सुट्टीला कुणाचं तरी पोर बुडाल्याची बातमी येते, तेव्हा मला आता ते दोन झेंडे आठवतात. दोन काठ्या, दोन कापडं आणि लक्ष ठेवायला माणूस, एवढं आपल्याला प्रत्येक किनाऱ्यावर करता येऊ नये?

मेलबर्नला माझी भाची असते, टार्नीटला, तिथं गेल्यावर पहिल्यांदा वरणभात मिळाला. शहराच्या मधल्या भागात ट्रॅम फुकट आहेत. पण यांना ओढ होती एमसीजीची, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडची. तिथली टूर स्वयंसेवक घेतात, आमच्या गटाला एक म्हातारे गृहस्थ होते, इंडिया म्हटल्यावर हसून थेट ड्रेसिंग रूममधल्या शतकांच्या फळ्याकडे घेऊन गेले. अजिंक्य रहाणेचं नाव दोनदा, २०१४ चे १४७ आणि २०२० चे ११२. त्या २०२० ला आधीच्या मॅचमध्ये ॲडलेडला ३६ वर डाव आटोपलेला, कोहली घरी परतलेला, आणि आपला डोंबिवलीत वाढलेला शांत पोरगा तिथं उभा राहून शंभर करतो आणि मॅच जिंकून देतो, आमच्या घरात त्या पहाटे पाचला चहा करून सगळे टीव्हीपुढं बसलो होतो. यांनी त्या नावाचा फोटो काढला, नंतर बाहेर शेन वॉर्नच्या पुतळ्यापाशी जरा वेळ थांबले. एवढा मोठा बॉलर आणि ५२ व्या वर्षी गेला.

तिथून गाडी भाड्यानं घेऊन ग्रेट ओशन रोड. गाडी यांनीच चालवली, तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. बहुतेक लोक एका दिवसात जाऊन येतात, तसं करू नका, आम्ही अपोलो बे आणि पोर्ट कॅम्पबेल अशा दोन रात्री राहिलो. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला कापलेला डोंगर, आणि हे सगळं पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये कुदळ-फावड्यानं आणि सुरुंग लावून खणलंय, आपल्या मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे, तिच्याखालून गाडी जाते, शेजारी त्या कामकरी सैनिकांचा पुतळा आहे. युद्धावरून आलेल्या माणसांना काम हवं होतं आणि किनाऱ्यावरच्या गावांना रस्ता. स्मारक म्हणून दगड उभा न करता रस्ता बांधायचा, रोज माणसं त्याच्यावरून जातील, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नमस्कार, असं हे म्हणाले आणि कमानीच्या पलीकडे गाडी बाजूला घेऊन उतरले, डोंगराच्या कापलेल्या बाजूला जाऊन आले.

ट्वेल्व्ह अपोस्टल्स म्हणजे समुद्रात उभे राहिलेले चुनखडीचे सुळके. नाव बारा पण बारा कधीच नव्हते, २००५ मध्ये एक कोसळला आणि आता सात-आठच उरलेत. सूर्यास्ताला ते मधाच्या रंगाचे होतात. सुंदरच आहे, पण माझ्या मनात राहिलं ते लॉक आर्ड गॉर्ज, तिथून पाच मिनिटांवर. १८७८ मध्ये इंग्लंडहून निघालेलं लॉक आर्ड जहाज तीन महिन्यांचा प्रवास करून मेलबर्नच्या जवळ आलं आणि १ जूनच्या पहाटे धुक्यात खडकावर आपटलं. ५४ जणांतले दोनच वाचले, जहाजावर शिकाऊ असलेला टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकेल, दोघंही अठरा-एकोणीसची. टॉम किनाऱ्याला लागला होता, तिची हाक ऐकून परत त्या पाण्यात गेला आणि तिला ओढून आणलं, गुहेत ठेवलं आणि कडा चढून मदत शोधायला गेला. तिचे आई-वडील, भावंडं त्या जहाजावर होती, सगळी गेली. लोकांना फार वाटत होतं दोघांनी लग्न करावं, पण ती आयर्लंडला परत गेली. त्याच जहाजातला चिनी मातीचा एक मोठा मोर मात्र खोक्यासकट किनाऱ्याला आला, जवळजवळ धक्का न लागता, वॉर्नंबूलच्या म्युझियममध्ये आहे.

खाली पायऱ्या उतरून त्या वाळूवर गेलं की दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधे फटीतून समुद्र आत येतो. बाहेर केवढा आवाज आणि आत पाणी नुसतं पायाशी येऊन परत जातं. वर कड्यावर थडगी आहेत. मी तिथली मूठभर वाळू उचलली आणि परत ठेवली, न्यावीशी वाटली नाही.

शेवटचे फिलिप आयलंड, मेलबर्नपासून दीड-दोन तास. अंधार पडला की लिटल पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात, जगातले सगळ्यात छोटे पेंग्विन, वजन साधारण किलोभर. पाण्याच्या कडेला दहा-पंधरा जमतात, एक पाऊल टाकतात, घाबरून परत पाण्यात, परत बाहेर, आणि मग सगळे एकदम वाळू पार करून झुडपांत आपापल्या बिळाकडे. एक मागं राहिला होता, त्याचे पुढचे निघून गेले, तो तसाच उभा, शेवटी पुढच्या लाटेबरोबर दुसरा घोळका आला त्यांच्यात मिसळून गेला.

तिथं आम्हाला कळलं की त्या टोकावर पूर्वी माणसांची अख्खी वसाहत होती, घरं, रस्ते सगळं. सरकारनं १९८५ पासून एकेक घर विकत घेऊन २०१० पर्यंत सगळं काढून टाकलं, पेंग्विनना जागा मिळावी म्हणून. हे बराच वेळ त्याच्यावरच बोलत होते. धरणासाठी उठवलेली गावं यांनी बघितलीयत, म्हाताऱ्या माणसांना देवळातला देव उचलून नेताना बघितलंय, आणि काही जणांना वर्षानुवर्षं जमीन मिळाली नाही तेही. इथं पेंग्विनसाठी पंचवीस वर्षं धीर धरून, पैसे मोजून लोकांना हलवलं. मग परत येताना गाडीत कुणी फार बोललं नाही.

पेंग्विनचे फोटो काढायला बंदी आहे, त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो, त्यामुळं एकही फोटो नाही. नातू आल्या आल्या विचारायला लागला पेंग्विन दाखवा, तर हे खाली फरशीवर बसले, हात दीड वीत उंच धरला आणि म्हणाले, एवढा. मग तसाच हात पुढं सरकवत, थांबत, परत मागं घेत सोफ्याखाली नेला. त्यानं चार वेळा तेच करायला लावलं.