तुम्ही विचारलंत म्हणून: आयरीन हे नाव कुठलं?

बँकेत, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत, कुठेही फॉर्मवर नाव वाचलं की प्रश्न ठरलेला, "आयरीन म्हणजे काय हो? इंग्रजी नाव ना?" आम्ही वसईचे, बाप्तिस्म्याला आजीने ठेवलेलं नाव, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे, पण नाव मुळात ग्रीक आहे आणि अर्थ एकदम सरळ, शांती. शेजारच्या शांताकाकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघी एकाच नावाच्या की गं!"

ग्रीसमध्ये उच्चार इरीनी, आणि तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. युद्ध थांबलं तरी इरीनी, मुलीला हाक मारायची तरी इरीनी, लाडाने रेना नाहीतर रिनिओ. चर्चमध्ये पाद्री लोकांकडे वळून "इरीनी पासी" म्हणतात, सगळ्यांना शांती असो, म्हणजे त्या मुली दर रविवारी आपलं नाव आशीर्वादात ऐकतात, मला याचा फार हेवा वाटतो. ५ मेला या नावाचा सण असतो, संत इरीनीचा दिवस.

पुढे रशियात इरीना झालं, पोलंडमध्ये इरेना, फ्रान्समध्ये इरेन (मेरी क्युरींची मुलगी, तिलाही १९३५ मध्ये नोबेल मिळालं). हनिमूनच्या फोटोंतलं ग्रीसचं बेट सांतोरिनी पण हेच, सांता इरीनी, म्हणजे संत इरीनी! एक गोष्ट मात्र सांगताना जड जातं, बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची सम्राज्ञी इरीनी, तिने ७९७ मध्ये सत्तेसाठी पोटच्या मुलाचे डोळे काढवले. नाव शांतीचं आणि करणी ही.

मला आवडते ती मूळची, प्राचीन ग्रीकांची शांतीची देवी इरीनी. अथेन्सने तिचा पुतळा उभारला, इसवीसनपूर्व ३७० च्या आसपास, केफिसोडोटस नावाच्या शिल्पकाराने केलेला, आता मूळ नाही पण रोमन काळातली संगमरवरी नक्कल म्युनिकच्या ग्लिप्टोथेक म्युझियममध्ये आहे. डाव्या हातावर बाळ, ते प्लुटोस, म्हणजे संपत्ती. शांती आई आणि लक्ष्मी तिच्या कडेवर, असं त्या लोकांना लढाया करून करून दमल्यावर सुचलं. मी गेले होते तेव्हा बराच वेळ समोर उभी होते, तिचा उजवा हात तुटलाय, पण मान अशी बाळाकडे कललेली, आपण मूल कडेवर घेऊन त्याचं काहीतरी ऐकतो ना, अगदी तशी.