आमची वाटचाल : काट्यावर उभं राहून शिकलेलं सॉफ्टवेअर

सांगलीत २००६ साली आम्ही दोघा मावसभावांनी दुकान टाकलं तेव्हा मेन धंदा कॉम्प्युटर असेंबल करून विकायचा, युपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या आणि डॉट मॅट्रिक्सची रिबन गावोगाव पोचवायची एवढाच होता, सॉफ्टवेअरचं काही डोक्यात नव्हतं. पण मशीन बसवून झालं, चालू झालं, हार घालून नारळ फुटला की दूध संस्थेतले लोक हमखास विचारायचे, "आता ह्यात आमचं दूध कसं घालायचं?" मावसभावाला फॉक्सप्रो, म्हणजे डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहायची जुनी भाषा, येत होती. त्यानं एका संस्थेचं दहा दिवसाचं बिल काढून दिलं, ते बघून शेजारच्या गावानं मागितलं, आणि असं करत करत हार्डवेअर कधी मागं पडलं ते कळलंच नाही. आज दूध संस्था, पतसंस्था, आडत दुकानं आणि आता एक कोल्ड स्टोरेज, एवढ्या लोकांचं काम आमच्याकडं आहे.

नवीन पोरं जॉईन झाली की लगेच कोड लिहायला बघतात. आम्ही पहिले काही दिवस त्यांना लॅपटॉपच देत नाही, तिथल्या लोकांना खरं काय लागतं ते बघायला संस्थेत पाठवतो. हे का ते सांगतो, कारण आमच्या धंद्यात जे काय थोडंफार जमलं ते ह्याच्यावरच जमलं असं मला वाटतं.

चेअरमनसाहेबांच्या केबिनमधी चहा घेत घेत जी माहिती मिळते ती अशी असते : लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे दुधातलं फॅट सोडून बाकीचं घन), रेट चार्ट, दहा दिवसाचं बिल, पशुखाद्याच्या उचलीची कपात, झालं. वर एखादा ग्राफ पाहिजे म्हणतात, मुलानं पुण्यात कुठंतरी बघितलेला असतो. ह्यात खोटं काही नसतं, पण ही माहिती घेऊन सिस्टिम बनवली तर ती फक्त चेअरमनसाहेबांनाच आवडते, आणि ते काही पहाटे दुधाच्या वजनकाट्यावर उभे नसतात.

काट्यावर पहाटे सहाला जाऊन उभं राहिलं की वेगळंच दिसतं. ऑपरेटरच्या उजव्या हातात सॅम्पलची बाटली असते, डाव्या हातानं तो शेतकऱ्याचा कोड नंबर दाबतो, हात दुधानं ओले असतात. माऊस वापरणार कसा आणि ठेवणार तरी कुठं, टेबलावर तर किटल्या. म्हणून आमच्या कलेक्शनच्या स्क्रीनला पहिल्या दिवसापासून माऊस लागत नाही, सगळं नुसत्या नंबरच्या कीपॅडवर चालतं आणि एंटरचं बटण सोडून दुसरं काही शोधावं लागत नाही. दुसरं म्हणजे मिल्क अनालायझरला, म्हणजे फॅट आणि एसएनएफ सांगणाऱ्या मशीनला, एका सॅम्पलला मिनिटभर लागतं, तोवर काटा रिकामा ठेवला तर रांग बाहेर रस्त्यापर्यंत जाते, म्हणून ऑपरेटर काय करतो तर एकाचं सॅम्पल मशीनमधी असतानाच पुढच्याचं वजन घेतो, कधी कधी त्याच्या पुढच्याचं पण. म्हणजे एकाच वेळी दोन तीन माणसं अर्धवट एंट्रीत असतात आणि कुणाची फॅट कुणाला चिकटली नाही पाहिजे. ही गोष्ट आम्हाला आजवर एकाही मीटिंगमधी कुणी सांगितलेली नाही. का सांगतील, त्यांना ते कामच वाटत नाही, हात आपोआप करतात.

मग वही. प्रत्येक संस्थेत सेक्रेटरीची एक कच्ची वही असते, ती ऑडिटरला दाखवायची नसते. आम्ही ती हळूच मागून घेतो. एका गावच्या आप्पांनी, चाळीसेक वर्षं सेक्रेटरी असलेला माणूस, बऱ्याच आढ्यावेढ्यानंतर वहीची मागची पानं उघडून दिली. लाल पेनानं कोड नंबरला गोल केलेला आणि पुढं दोन शब्द. एकापुढं, निम्मं थोरल्याला निम्मं धाकट्याला. दुसऱ्यापुढं, काकींच्या हातात द्यायचं, मालकाला नाही. तिसऱ्यापुढं, म्हैस आटली, नंबर दुसऱ्याला देऊ नये. मी म्हणलं, आप्पा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "आवो सायेब, ही काय कॉम्प्युटरची कामं हायती व्हय? ही गावातली हायती."

त्या मालकाला पैसे का द्यायचे नाहीत हे अख्ख्या गावाला माहीत होतं, बिल हातात पडलं की संध्याकाळपर्यंत संपायचं. आता ही रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरकडनं असलेली मागणी, कुठल्या फॉर्मात बसवणार? आम्ही दूध घालणारा कोण, खातं कुणाचं आणि पैसे कुणाला, हे तीन वेगळे रकाने केले. तेव्हा आमच्याच ऑफिसात वाद झाला होता की एका माणसाला तीन रकाने कशाला, डेटा वाढतोय. ते पुढं कामाला आलं, सांगतो.

दहा दिवसाचं बिल म्हणजे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर, म्हणजे तिसरं बिल कधी आठ दिवसाचं तर कधी अकरा. मग खाद्याच्या उचलीचा हप्ता बिलामागं कापायचा की दिवसामागं? विचारावं लागतं. रुपयाच्या वरचे पैसे सोडायचे का पुढच्या बिलात ओढायचे? विचारावं लागतं, आणि एका संस्थेत ओढायचे तर शेजारच्या गावात सोडायचे. मुख्य डेअरीनं, म्हणजे संस्था जिला दूध पाठवते तिनं, रेट बदलला की मेसेज ४ तारखेला येतो आणि रेट लागू असतो १ तारखेपासून, म्हणजे झालेली एंट्री परत मोजायची सोय पाहिजे आणि जुनी पावती पण दिसली पाहिजे, कारण शेतकरी ती खिशात घेऊन येतो.

लाईट गेली, मशीन बंद पडलं की जुनी पद्धत बाहेर येते. लॅक्टोमीटर लावून सीएलआर बघायचा (म्हणजे तापमानाप्रमाणं दुरुस्त केलेलं लॅक्टोमीटरचं रीडिंग), फॅट गर्बर पद्धतीनं काढायची, म्हणजे ब्युटायरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत ॲसिड, दूध, अमाईल अल्कोहोल घालून फिरवायची, आणि एसएनएफ सूत्रानं. सूत्र तसं सगळ्यांचं सारखं, सीएलआर भागिले ४, त्यात फॅटचा ठराविक भाग मिळवायचा आणि वर एक पक्का आकडा, पण तो पक्का आकडा कुठं ०.३६ धरतात तर कुठं ०.४४, आणि फॅटला गुणायचा आकडा पण कुठं ०.२ तर कुठं ०.२५. गाईच्या दुधाचा रेट ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो, ८.५ च्या खाली गेलं की पॉईंटला पैसे कापतात. तेव्हा सूत्रातल्या आकड्यावर शेतकऱ्याच्या बिलात फरक पडतो. म्हणून सूत्र कोणतं हा प्रश्न आम्ही मुख्य डेअरीच्या पत्रावरनंच घेतो, तोंडी घेत नाही. तोंडी विचारलं तर प्रत्येकजण छातीठोकपणे वेगळा आकडा सांगतो.

आता सगळ्यात अवघड प्रकार. एका संस्थेत ऑपरेटर म्हणाला, मशीन चुकीची फॅट दाखवतं कधी कधी, मला बदलायची सोय पाहिजे. शेतकरी म्हणाले, बदलायची सोय ठेवली तर आम्ही दूधच घालणार नाही. चेअरमन म्हणाले, सोय ठेवा पण कुणाला सांगू नका. तिघांचंही म्हणणं लिहून घेतलं तर रिक्वायरमेंट तिप्पट होते आणि सिस्टिम एक पण बनत नाही. गाभण किंवा नुकत्याच व्यायलेल्या जनावराचं दूध, हवेचे बुडबुडे राहिलेलं सॅम्पल, मशीनचं क्लीनिंग न झालेलं, ह्यानं आकडा खरंच हलतो, ऑपरेटर काही लबाड नव्हता. आम्ही तिघांना एका जागी बसवलं, सणासुदीच्या वर्गणीच्या मीटिंगसारखा आवाज झाला, आणि शेवटी असं ठरलं की बदल करता येईल पण कारण निवडल्याशिवाय नाही, मूळ आकडा खोडला जाणार नाही आणि पावतीवर बदललेल्या आकड्यापुढं फुली छापली जाईल. चेअरमन नाराज झाले. पण त्या फुलीमुळं पुढं आजूबाजूच्या गावांत आमचं नाव झालं, कारण शेतकरी पावती बघून शेजारच्या संस्थेत विचारायला लागले, तुमच्यात फुली येते का?

बाहेरनं येऊन आदळणाऱ्या गोष्टी वेगळ्या. जीएसटी २०१७ च्या जुलैत आला, आडत दुकानांना त्याचा ताप झाला, तो सगळ्यांनाच झाला त्यामुळं त्यावर जास्त लिहीत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर आला तेव्हा मात्र आमचे डोळे पांढरे झाले. बॅकअप रोज घेतला जायचा, पण ठेवला कुठं जायचा तर त्याच खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात. तोपर्यंत कुठल्याच क्लायंटनं बॅकअप कुठं ठेवायचा हे विचारलं नव्हतं, आता पहिल्या भेटीत दुसरा प्रश्न तोच असतो, पाणी आलं तर? पूर ओसरल्यावर चिखलातनं काढलेल्या हार्ड डिस्क आमच्या टेबलावर रांगेनं ठेवलेल्या होत्या, काही चालल्या, काही नाही. तेव्हापासून आमच्या प्रश्नांच्या कागदावर एक ओळ आहे : ही खोली उद्या नसली तर बिल कसं काढणार?

आणि २०२४ ची सुरुवात. राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरला ५ रुपये अनुदान जाहीर केलं, पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात, आणि त्यासाठी जनावराच्या कानातला बारा आकडी टॅग भारत पशुधन ह्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला पाहिजे. आता दूध संस्थेच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमधी माणूस असतो, लिटर असतं, पण गाय नसते! कुणाला गायीचा नंबर लागेल असं कधी वाटलंच नव्हतं. इकडं संस्थेचे फोनवर फोन, उद्याच्या उद्या माहिती भरायची आहे. टॅग आजोबांच्या नावावर, दूध घालतो नातू, पासबुक सुनेचं. ज्या संस्थांत आमचे ते तीन रकाने भरलेले होते तिथं निदान कोण कुणाचा ते कळत तरी होतं, टॅगचा चौथा रकाना लावून यादी काढून देता आली. जिथं सेक्रेटरीनं तेव्हा कंटाळा करून तिन्ही रकान्यांत एकच नाव टाकलं होतं तिथं पोरांना घरोघरी जावं लागलं, गोठ्यात वाकून गायीचे कान बघत. एकाला गायीनं ढकललं पण, लागलं नाही फारसं.

लिहून कसं घेतो तेही सांगतो कारण इंजिनियरिंगची पोरं आयईईई ह्या इंजिनियरांच्या संस्थेचा रिक्वायरमेंट लिहायचा तो साचा घेऊन येतात, ८३० नंबरचा, खरंतर त्याच्या जागी २०११ सालीच २९१४८ नंबरचं मानक आलंय. साचा वाईट नाही, आम्हीपण त्यातनं काही मुद्दे उचललेत, पण पन्नास पानं इंग्लिशमधी बांधून सेक्रेटरीच्या हातात दिली तर तो शेवटच्या पानावर सही करतो आणि कपाटात ठेवतो. आम्ही मराठीत, गावात बोलतात त्या शब्दांत लिहितो, आणि मोठ्यानं वाचून दाखवतो. वाचून दाखवलं की माणूस मधेच थांबवतो, "न्हाई न्हाई, तसं न्हवं." त्या थांबवण्यासाठीच सगळा खटाटोप. शेवटी एक भाग असतो, ह्यात काय नाही. तो वाचताना सगळ्यात जास्त भांडण होतं, आणि ते काम सुरू व्हायच्या आधी झालेलं बरं, बिल द्यायच्या वेळी नको.

ह्या अभ्यासाचे पैसे आम्ही २०१४ पासून वेगळे घेतो. आधी फुकट करायचो. पैसे सांगितल्यावर काही जण उठून गेले, "नुसतं विचारायचे पैसे?" म्हणून. पण जे थांबले त्यांनी माणसं मोकळी करून दिली, वह्या दिल्या, कारण पैसे मोजले होते. कागद त्यांचा, हे पण आम्ही आधीच सांगतो, तो घेऊन दुसऱ्याकडनं सॉफ्टवेअर करून घेतलं तरी आमची हरकत नाही. तसं एकानं केलं पण.

पतसंस्थेत वेगळा अनुभव येतो, तिथं क्लार्क लोक माहिती देताना हात आखडता घेतात, पिग्मीचं काम मशीनवर गेलं तर आपलं काय ही भीती. ती भीती खोटी आहे असं मी त्यांना कधी म्हणत नाही, कारण मला ते ठरवता येत नाही. मॅनेजरसमोर विचारायचं नाही एवढं पाळतो, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्यात बसतो.

सध्या तासगाव भागातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं चालू आहे. तिथं गंमत अशी की माल जागचा हलत नाही आणि मालक बदलतो. बॉक्स त्याच रॅकवर, सकाळी शेतकऱ्याचा, सौदा झाला की व्यापाऱ्याचा, त्यानं पुढं विकला की तिसऱ्याचा. भाडं कुठल्या दिवसापर्यंत कुणाकडनं घ्यायचं, सौद्याच्या दिवसाचं कुणाचं, आणि बँकेनं त्या मालावर कर्ज दिलेलं असलं तर बाहेर काढायची परवानगी कुणाची, ह्याची उत्तरं मालक, सुपरवायझर आणि गेटवरचा माणूस तिघांनी तीन दिलीत. मालकांना मोबाईल ॲप पाहिजे. आम्ही सांगितलंय की ॲपचं नंतर बघू, आधी गेटवरच्या मामांची चिठ्ठी कशी चालते ते कळू दे, आणि आमच्याकडची एक मुलगी सध्या स्वेटर घालून तिथं सुपरवायझरबरोबर फिरतीय. तिनं आणलेल्या चिठ्ठ्यांवर बॉक्सचा हिशोब वेगळ्या पेनानं आणि सौद्याचा वेगळ्या पेनानं लिहिलाय. ते मुद्दाम आहे का हाताला आलं ते पेन घेतलं, हे अजून मामांना विचारायचंय.