खोकला बारीक येतोय

टेपडेक दुरुस्तीला आला की गिऱ्हाईक आधी ‘लाईट’वर खापर फोडतं. व्होल्टेज वाढलं, म्हणून टेप पळते म्हणे. अहो, डेकची मोटर डीसीवर चालते आणि तिचा वेग सांभाळणारं सर्किट तिच्याच डब्यात असतं. बेळगावची लाईट कितीही नाचली तरी तिला त्याचं काही नसतं. हयात गेली हे सांगण्यात, ऐकतंय कोण!

कॅसेटच्या जमान्यात उद्यमबागेतल्या एका प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या कारखान्याचा फोरमन आपला डेक माझ्या शहापूरच्या दुकानात घेऊन आला. ‘‘नाट्यगीतं बारकी पोरं म्हटल्यागत येतात गा,’’ ही तक्रार. सोबत कॉलेजातला मुलगा, तोंड पाडून उभा.

मी आधी आत असेल तीच कॅसेट लावतो. आत ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या रॉक बँडचं ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ होतं, बाहेरून आलेली छापील कॅसेट. पहिलं गाणं ‘स्वीट लीफ’. त्याची सुरुवातच खोकल्यानं होते. गिटारवाला टोनी आयोमी गांजाच्या झुरक्यानं खोकला आणि त्यांनी तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून गाण्याच्या तोंडाशी लावला. वेग तपासायला याहून चांगली खूण नाही. गाण्याचा सूर गवई ठरवतो, वाद्य हवं तसं लावता येतं, पण खोकला ज्याचा त्याचा असतो. इथं तो शाळकरी पोराचा येत होता.

मग टेस्ट टेप लावली. तिच्यावर ३१५० हर्ट्झचा सरळ सूर असतो. फ्रिक्वेन्सी काउंटरनं ३७४५ दाखवले. जवळजवळ एकोणीस टक्के जास्त, म्हणजे पट्टी पेटीवरची बरोब्बर तीन घरं वर. शंका आली ती इथंच. सैल बेल्ट, झिजलेला पिंच रोलर यांनी वेग बिघडतो तो असा मोजून-मापून बिघडत नाही. मोटर फिरवून पाहिली, तर पाठीमागच्या भोकाचं रबरी बूच गायब. आतला प्रिसेट, म्हणजे वेग ठरवणारा बारका स्क्रू, कुणीतरी बारीक स्क्रूड्रायव्हरनं पिळला होता.

पोरगं बोललं शेवटी. कॅसेटबरोबर गिटार वाजवायला जावं तर सूर जुळेना, म्हणून दुसऱ्या एका मेकॅनिककडं नेला, आणि त्यानं गिटारशी जुळेपर्यंत मोटर पळवली. टेस्ट टेप नाही, काउंटर नाही. गिऱ्हाईक हसलं की दुरुस्ती झाली, अशी ही जात. आमच्या धंद्याची अब्रू यांनीच घालवली.

मी वेग ३१५० वर आणला. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, जगभर हेच माप. खोकला बाप्याचा झाला आणि त्यामागून गिटार आली ती दुकानातल्या काचा थरथरवत.

‘‘काका, आता स्लो झालं.’’

‘‘खोकला स्लो वाटतोय का?’’

त्याला उत्तर सुचेना. मी पेटी काढली. पेटीवाल्या विजापुरे मास्तरांच्या गावात मेकॅनिकच्या कानातसुद्धा पट्ट्या बसलेल्या असतात. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी पांढरी तीनला लावतात. या रेकॉर्डमधल्या काही गाण्यांत ती तीन घरं खाली, काळी एकला होती, म्हणजे पुरुष गवयाची हुकमी पट्टी. डेकचा काही दोष नव्हता. वाजवणाऱ्यानंच तारा उतरवल्या होत्या. का, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पोराला म्हटलं, तूही उतरव. तो म्हणाला, तारा लुळ्या पडतात, गिटारच्या दांडीवर घासतात. मग हट्टच धरला, वेगाचं बटण बाहेर काढून द्या. दिलं काढून, मूळ वेगासाठी मधोमध खाच ठेवून.

पुढं कधीतरी वाचलं. आयोमी बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस. जेवणाच्या सुट्टीनंतर परत जायचा विचार नव्हता, आईनं पाठवला. मशीनवरचा माणूस आला नव्हता, त्याच्या जागी याला उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या घेतल्या आणि १९७१च्या या अल्बममधल्या काही गाण्यांत त्या तीन घरं खाली उतरवल्या, बोटांना ताण कमी पडावा म्हणून. पुढच्या किती बँडांनी हाच जड सूर उचलला. आणि आमच्या त्या शहाण्यानं तो बिघाड समजून काढून टाकला! अजून डोक्यातून जात नाही. पोरगं कित्येक महिने त्या वर चढवलेल्या सुरावर वाजवत होतं, आणि त्याला तेच खरं वाटत होतं.

परवा फोरमन पुन्हा आले, तोच डेक घेऊन. आता निवृत्त. बेल्टचं डांबर झालेलं. त्यांना आयोमीची गोष्ट सांगितली. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाले, ‘‘गैरहजर माणसाच्या प्रेसवर नवीन पोरगं उभं करायचं न्हाईच. आमच्यात दोघांची गेली तशीच.’’

मी विचारलं, बटण काढून टाकू का?

‘‘असू दे गा. दिवाळीला येतो तो. बेल्टचे किती, ते सांग आधी.’’