ऑटोमॅटिक गाडीमागं कॅरॅव्हॅन आणि ॲव्हरेजपायी घातलेले हेलपाटे

एकटी चालवली तर लिटरला 12 देणारी माझी ऑटोमॅटिक डिझेल गाडी मागं कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडली की साडेसहावर यायची. ओझ्याला डिझेल जास्त लागणारच, ते मान्य. पण बेळगावजवळच्या वंटमुरी घाटात गिअर सारखा वर-खाली व्हायचा, ते खटकत होतं.

सर्व्हिस सेंटरला तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा स्कॅनर लावून ‘कोड काही नाही साहेब’ म्हणाले, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं दोष नोंदवलेला नाही. दुसऱ्यांदा चार दिवस ठेवून घेतली आणि नुसती धुऊन दिली. तिसऱ्यांदा मीच विचारलं, टेस्ट ड्राइव्हला कॅरॅव्हॅन जोडली होती का? नव्हती! तिन्ही वेळा मोकळीच गाडी गावातल्या गावात फिरवलेली. कॅरॅव्हॅन घेऊन येतो म्हटलं, तर आवारात जागा नाही म्हणे. तक्रार ओझ्याची आणि तपासणी बिनओझ्याची, मग दोष सापडणार कसा? अठरा दिवस गेले यात. तो राग अजून उतरलेला नाही.

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतले एक जुने मिस्त्री शेजारी बसले. ‘मामा, कुठवर जाऊया?’ ‘काकती सोडून घाट चढा की, मी स्कॅनर बघतो.’ अर्ध्या तासात सापडलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातून जाते, तिथं घसर होते. लॉक-अप क्लच लागला की इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडलं जातं. ‘डी’मध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलतात त्यात, गाडी सहावा गिअर धरायला बघायची, चढावर लॉक-अप सुटायचा, परत लागायचा. सुटला की डिझेल तेल तापवण्यात जायचं. ‘मॅन्युअलला टाका, चौथा धरून ठेवा,’ मामा म्हणाले. आरपीएम वाढला, पण गाडी शांत चढली.

आता घाटात चौथा, सपाटीला पाचवा. वेग 80. शंभरावर गेलात तर हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो आणि कॅरॅव्हॅनचं तोंड रुंद. निपाणीला जाऊन-येऊन, एकाच पंपावर दोन्ही वेळा टाकी फुल्ल करून मोजलं, 8.3 मिळाले. खूप बरं वाटलं.

हे आधी सांगायला हवं होतं: कॅरॅव्हॅनच्या टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. थांबलात की चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, तळहात धरा, एकच जास्त गरम लागला तर तिथला ब्रेक चिकटत असेल किंवा बेअरिंग बिघडलं असेल.

आणि गिअरबॉक्सचं तेल. ‘बदलायची गरजच नाही’ असं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठणकावून सांगितलेलं. मामांनी काढलं तर काळंकुट्ट, करपल्याचा वास येणारं. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ओझं ओढण्यासाठी तेलाची मुदत वेगळी, कमी दिलेली असते. ते पान आधी काढून बघा, मगच काउंटरवर जा.