अल्फा चांगला आला, मग आता पुढे?

भाषांतरित प्रश्नावली तपासतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, अल्फा किती आला? अल्फा म्हणजे एकाच गोष्टीबद्दलच्या वाक्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा, विश्वासार्हतेचा आकडा. ०.७० च्या वर गेला की गाइड खूश, आपणही खूश. मला हे कधी पटलंच नाही.

विद्यार्थी ताणाला कसं तोंड देतात हे बघायला बरेच जण मानसशास्त्रज्ञ कार्व्हर यांची ब्रीफ कोप ही प्रश्नावली घेतात. १९९७ ची आहे, २८ वाक्यं, १४ उपप्रकार, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोनच वाक्यं आणि उत्तरं १ (अजिबात नाही) ते ४ (खूप) मध्ये. आता वाक्यं कमी असली की अल्फा खाली येणारच, गणितच तसं आहे. मूळ इंग्रजीतही मनातलं बोलून मोकळं होण्याच्या उपप्रकाराचा अल्फा ०.५० होता, आणि तो सॅम्पलही विद्यार्थ्यांचा नव्हता, अँड्र्यू चक्रीवादळातून सावरणाऱ्या लोकांचा होता! मग आपला कमी आला म्हणून लगेच भाषांतरावर खापर कशाला? काही जण तर २८ च्या २८ एकत्र टाकून एकच मोठा अल्फा काढतात. त्यात प्लॅनिंग करणं पण आलं आणि हात टेकणं पण आलं, ही बेरीज नक्की कशाची? कार्व्हर स्वतःच सांगतात की एकूण स्कोअर असा काही नसतो, तरी थीसिसमध्ये तो असतोच.

खरी मजा पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत येते, पोराला समोर बसवून मोठ्याने विचार करत फॉर्म भरायला सांगितलं की. एक मुलगी ‘प्रार्थना किंवा ध्यान करतो’ या वाक्यापाशी पेन धरून बसली, ध्यान रोज करते म्हणे पण प्रार्थना कधीच नाही, मग १ लिहू का ४? आता ही गोची मूळ वाक्यातलीच आहे, त्यामुळे बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे मराठीचं परत इंग्रजी करून मूळाशी ताडून बघणं, कितीही केलं तरी ते अगदी हुबेहूब जुळणार आणि सगळं ओके दिसणार.

दारू आणि नशेच्या दोन वाक्यांचं तर विचारूच नका. फॉर्मवर रोल नंबर, समोर सर उभे, कोण खरं लिहिणार? सगळे १ वर टिक करतात, एखाददुसराच दोन्हीकडे ३ लिहितो आणि अल्फा मस्त वर जातो. खोटं पण एकसारखं बोललं की विश्वासार्हता वाढते, असा हा प्रकार. नाव-नंबर काढून टाका आणि सरांना वर्गाबाहेर पाठवा, निदान तेवढं तरी.

आणि रीटेस्टची, म्हणजे त्याच पोरांकडून तोच फॉर्म परत भरून घ्यायची तारीख जरा बघून ठरवा हो, पहिला फॉर्म परीक्षेच्या तोंडावर आणि दुसरा सुट्टी लागल्यावर भरून घेतला तर दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ, म्हणजे कोरिलेशन, पडू शकतं, पोरांचा ताणच तोवर संपलेला असतो.