मक्याचा वॉफल, सातवी खेप: अख्खा निघाला!

आज सकाळी सव्वाआठला साच्यातून वॉफल अख्खा निघाला. अर्धा झाकणाला आणि अर्धा खाली, असा नाही. चारही कोपरे शाबूत, वरून खरपूस, आतून मऊ. मी त्याच्याकडे इतका वेळ बघत बसलो की तो गार झाला, मग तसाच खाल्ला.

सहाव्या खेपेत मसाला जमला होता, पण झाकण उचललं की वॉफल मधोमध आडवा फाटायचा. तेव्हापासून एकेक गोष्ट तपासत गेलो. तेल वाढवलं, फरक नाही. साचा ७५० वॅटचा आहे. दिवा हिरवा झाल्यावरही पाच मिनिटं आणखी तापवला. चिकटणं थांबलं, फाटणं नाही. वाफ थांबेपर्यंत झाकणाला हात लावला नाही, तर कडा करपल्या आणि पोट रवाळच राहिलं. दोन अंडी घातल्यावर वॉफल एकसंध आला, पण चव आमलेटची.

शेवटी फाटलेला तुकडा चिमटीत चुरून पाहिला. भरड्याचे कण आतून कोरडे! मक्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. बांधून ठेवणार तो स्टार्च, आणि पाणी व उष्णता दोन्ही मिळाल्याशिवाय तो फुगत नाही. मी भरडा गार ताकात भिजवत होतो. साच्यातल्या चार-पाच मिनिटांत जाड कण शिजणार कसे?

रविवारी आई ज्वारीची भाकर करत होती. पिठात आधणाचं पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं, झाकून ठेवलं. ज्वारीतही ग्लुटेन नाही, तरी तिची भाकर थापताना कडेला चिरत नाही. उत्तर रोज घरातच होतं.

तर आजचं माप: १२० ग्रॅम भरड्यावर १८० मिली उकळतं पाणी, झाकून २० मिनिटं. कोमट झाल्यावरच एक अंडं (गरम असताना घातलं तर तिथेच शिजतं), ८० मिली आंबट ताक, ४० ग्रॅम कणीक, दोन चमचे तेल, मीठ, जिरं, हिंग, मूठभर चिरलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर). पाव चमचा खायचा सोडा अगदी शेवटी, कारण ताकाला लागताच तो फसफसतो आणि थांबलात तर जोर जातो.

तिखटाला भिवापुरी मिरचीच. हिरव्या ठेच्याचं पाणी सुटतं, म्हणून वाळलेल्या मिरच्या तेलात परतून लसणासोबत कुटल्या. बिया काढा, साच्याला लागून जळतात आणि सगळा घास कडू करतात.

मक्याबद्दल माझं मत आता पक्कं आहे: नागपूरच्या इतवारी बाजारातून अख्खा मका आणा आणि चक्कीवर हवा तेवढाच भरडून घ्या. एका दुकानातलं पाकिटातलं पीठ मागे दोनदा कडवट निघालं. मक्याच्या कोंबात तेल असतं, दळल्यावर ते खवट होतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. उरलेला भरडा फ्रीजमध्ये ठेवा. आणि पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पीठ नव्हे, तो नुसता स्टार्च. परवा पुन्हा कोणीतरी विचारलं होतं.

दुसरा वॉफल पोह्यांच्या तर्रीसोबत खाल्ला. प्रत्येक चौकोनात तर्री साचते, एकेक चणा बसतो, आणि पहिले दोन घास असे लागतात की बोलणं बंद होतं. तिसऱ्या घासापर्यंत मात्र मऊ पडतो, म्हणून वाटी बाजूला ठेवा. वॉफल ताटलीत ठेवू नका, जाळीवर ठेवा. खालून वाफ धरली की कुरकुरीतपणा गेला.

पुढची खेप कढीसोबत करणार होतो, पण हे लिहितानाच बेत बदलला. मेक्सिकोत टॉर्टियासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. साल सुटते, दाणा मऊ होतो आणि वाटलेलं पीठ आपोआप बांधलं जातं. मग कणकेची गरजच नाही! पानवाल्याकडचा नको, खाण्यासाठीचा साधा चुना शोधतोय: मक्याच्या वजनाच्या १ टक्का, म्हणजे अर्ध्या किलोला ५ ग्रॅम. शुक्रवारी रात्री शिजवून तसाच मुरत ठेवणार, शनिवारी सकाळी चोळून साली काढून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन वेट ग्राइंडरला लावणार. कोणी हे केलं असेल तर पाणी किती ठेवलंत ते शुक्रवारच्या आत सांगा.